डाख लागला, पण दिवा लागेना!

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जडू पाहणाऱ्या अनेक मुलांचा पहिला प्रकल्प एकाच ठिकाणी थांबतो. सुटे भाग आणले, आकृतीबरहुकूम जोडले, डाख दिले, बॅटरी लावली. पण दिवा लागला नाही. मग ‘आयसी जळाला असेल’ असा निष्कर्ष काढून सारा पसारा खणात जातो आणि बहुधा पुन्हा बाहेर येत नाही. वास्तविक आयसी क्वचितच जळालेला असतो. दोष असतो तो एखाद्या सांध्यात, उलट्या बसवलेल्या भागात किंवा दोन पट्ट्यांना जोडून बसलेल्या धातूच्या बारीकशा थेंबात. हा दोष शोधता येतो, आणि तो नशिबाने नव्हे तर पद्धतीने शोधता येतो. डाख देणे हे हाताचे कौशल्य आहे, तर तपासणी हे बुद्धीचे. दोहोंपैकी दुसऱ्याची ओळख नवशिक्यांना सहसा कोणी करून देत नाही. म्हणून या लेखात एक अगदी साधा प्रकल्प घेऊन या दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

कल्हईचे शास्त्र

डाख म्हणजे धातूचा गोंद, असा एक सार्वत्रिक समज आहे. तापलेल्या टोकावर सोल्डरची तार वितळवायची आणि तो थेंब जोडावर नेऊन चिकटवायचा, असे अनेक जण करतात ते या समजापोटीच. प्रत्यक्षात ही क्रिया गोंदापेक्षा कल्हईच्या अधिक जवळची आहे. कल्हईवाला काय करतो ते आठवून पाहा. तो कथिल तापवून भांड्यात ओतत नाही. आधी भांडे तापवतो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, आणि मग तापलेल्या भांड्याला कथिलाची कांडी टेकवताच कथिल वितळून कापसाच्या बोळ्यासरशी सर्वत्र पसरते. भांडे पुरेसे तापलेले नसेल किंवा त्यावरचा मळ गेलेला नसेल, तर कथिल धरत नाही. त्याच्या गोळ्या होतात.

सोल्डरिंगमध्ये नेमके हेच घडते. सोल्डरच्या नेहमीच्या तारेत साठ टक्के कथिल आणि चाळीस टक्के शिसे असते. शुद्ध कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते; हे मिश्रण मात्र १८३ अंशांना मऊ होऊ लागते आणि सुमारे १९० अंशांना पूर्णपणे वितळते. नवसागराचे काम येथे राळ करते. ती तारेच्या पोटातच भरलेली असते. तापल्यावर ती तांब्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा दूर करते. त्यानंतर वितळलेले कथिल स्वच्छ तांब्याला भिडते आणि दोहोंच्या सीमेवर त्यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर म्हणजेच खरा सांधा. तो तयार व्हायचा तर तांब्याची पट्टी आणि भागाची तार ही दोन्ही तापलेली हवीत. ‘सोल्डर तापवू नका, सांधा तापवा, सोल्डर आपोआप वितळेल’ हा या कलेचा पहिला नियम त्यातूनच निघतो.

पहिला प्रकल्प

उदाहरणादाखल सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा घेऊ. त्याचा प्राण म्हणजे ‘५५५’ हा आठ पायांचा टायमर आयसी. मूळचे स्विस असलेले अभियंता हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ साली अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीसाठी त्याची रचना केली आणि १९७२ साली तो बाजारात आला. अर्धशतक उलटून गेल्यावरही तो बनतो आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत अवघ्या काही रुपयांत मिळतो.

त्याची कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सारी तपासणी तिच्यावरच आधारलेली आहे. आयसीच्या पोटात तीन समान रेझिस्टरांची साखळी असते. तिच्यामुळे बॅटरीच्या दाबाचे तीन सारखे भाग पडतात. बॅटरी नऊ व्होल्टची असेल, तर तीन व्होल्ट व सहा व्होल्ट अशा दोन खुणा तयार होतात. बाहेर जोडलेला कपॅसिटर दोन रेझिस्टरांमधून हळूहळू भरत जातो. त्याचा दाब सहा व्होल्टपर्यंत चढला की आयसी त्याला ७ क्रमांकाच्या पिनमधून रिकामा करू लागतो; तो तीन व्होल्टपर्यंत उतरला की पुन्हा भरू देतो. कपॅसिटर भरत असताना ३ क्रमांकाच्या पिनवर दाब येतो व दिवा लागतो. रिकामा होत असताना दिवा विझतो. एखादा हौद भरावा, खुणेपर्यंत आला की तोटी उघडावी आणि खालच्या खुणेवर पोहोचताच पुन्हा बंद करावी, तसाच हा प्रकार.

साहित्य असे : ५५५ आयसी, आठ पायांचा आयसी बेस, १० किलोओहम, ६८ किलोओहम व ४७० ओहम यांचा प्रत्येकी एक रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, लाल एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी व तिची क्लिप, तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा व्हेरोबोर्ड आणि थोडी वायर.

जोडणी अशी : ८ व ७ या पिनांमध्ये १० किलोओहम, ७ व ६ मध्ये ६८ किलोओहम, ६ व २ एका वायरने जोडलेल्या, ४ व ८ दुसऱ्या वायरने जोडलेल्या, २ व १ मध्ये कपॅसिटर, त्याचे धन टोक २ कडे. पिन ३ पासून ४७० ओहम, तेथून एलईडीचा लांब पाय, आणि एलईडीचा आखूड पाय पिन १ ला. बॅटरीची लाल तार ८ ला आणि काळी १ ला. पिन ५ या प्रकल्पापुरती मोकळी ठेवली तरी चालते.

गणित करून पाहू. दिव्याच्या एका आवर्तनाचा काळ म्हणजे ०.६९३ गुणिले पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर. दहा अधिक एकशे छत्तीस म्हणजे १४६ किलोओहम. त्याला १० मायक्रोफॅरडने गुणल्यास १.४६, आणि ०.६९३ ने गुणल्यास साधारण १.०१ सेकंद. म्हणजे दिवा अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक काळ लागेल व किंचित कमी काळ विझेल.

डाख देण्यापूर्वी

तपासणीची सुरुवात डाख देऊन झाल्यावर होते, असे नव्हे. ती आधीच व्हावी. प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून घ्यावा. रंगपट्टे वाचता येतातच (६८ किलोओहमसाठी निळा, करडा, नारिंगी, दहासाठी तपकिरी, काळा, नारिंगी, ४७० ओहमसाठी पिवळा, जांभळा, तपकिरी), पण रात्रीच्या दिव्याखाली तपकिरी आणि लाल यांत गफलत सहज होते. मीटरला अशी भूल पडत नाही. एलईडी मीटरच्या डायोड तपासणीच्या खुणेवर लावून पाहावा. लाल टोक लांब पायाला टेकवल्यास तो मंदसा उजळतो. शक्य असल्यास संपूर्ण जोडणी आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाख न देता, चालवून पाहावी. तेथे दिवा लुकलुकला की आकृती बरोबर आहे आणि सगळे भाग चांगले आहेत, हे सिद्ध झाले. पुढे व्हेरोबोर्डावर अडचण आली, तर ती केवळ जोडकामात असणार. संशयितांची संख्या निम्म्याहून कमी करण्याचा हा सोपा उपाय आहे.

व्हेरोबोर्डची एक खोच आधीच सांगितली पाहिजे. त्याच्या मागे तांब्याच्या समांतर पट्ट्या असतात. आयसी बेस पट्ट्यांना आडवा बसवला की समोरासमोरच्या पिना एकाच पट्टीवर येतात : १ समोर ८, २ समोर ७, ३ समोर ६, ४ समोर ५. त्यातील १ ही बॅटरीची ऋण बाजू आणि ८ ही धन! म्हणून बेसच्या दोन रांगांमधील चारही पट्ट्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून तोडल्याच पाहिजेत. तांब्याचा केसाएवढा धागा राहिला तरी तो पुरतो. पट्टी तुटली की नाही, हे डोळ्यांनी नव्हे तर मीटरनेच ठरवावे.

सांधा कसा बांधावा

पंचवीस वॅटचे, अणकुचीदार टोकाचे सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरेसे होते. ते तापले की टोक ओल्या स्पंजावर पुसून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा. ही टोकाची कल्हईच होय. काळवंडलेले टोक कितीही तापले तरी उष्णता पुढे देत नाही.

आधी ठेंगणे भाग लावावेत, मग उंच : वायरींचे जोड, रेझिस्टर, आयसी बेस आणि शेवटी कपॅसिटर व एलईडी. आयर्नचे टोक पट्टी आणि भागाची तार या दोहोंना एकाच वेळी टेकवावे. साधारण एक सेकंदाने सोल्डरची तार विरुद्ध बाजूने सांध्याला लावावी, आयर्नला नव्हे. धातू वितळून तारेभोवती पसरला की आधी सोल्डर दूर करावे, नंतर आयर्न, आणि धातू गोठेपर्यंत भाग हलू देऊ नये. एवढ्याला दोन ते तीन सेकंद लागतात. त्याहून फार अधिक वेळ आयर्न टेकवून ठेवल्यास पट्टी बोर्डापासून सुटते आणि एलईडीसारखे नाजूक भाग दगावतात. आयसीला तर आयर्न दाखवूच नये. बेसला डाख द्यावा आणि आयसी अखेरीस हाताने बसवावा.

चांगला सांधा ओळखणे अवघड नाही. तो उतरत्या कडांच्या छोट्या डोंगरासारखा दिसतो. त्याच्या कडा पट्टीवर अलगद विरतात आणि मधून तारेचे टोक डोकावते. शिशाच्या सोल्डरमध्ये त्याला चकाकीही असते. याउलट, अळवाच्या पानावरील थेंबासारखा गोल होऊन बसलेला सांधा संशयास्पद समजावा. तेथे पट्टी तापलेलीच नव्हती. खरखरीत, धुरकट सांधा बहुधा गोठताना हललेला असतो. दुरुस्ती करणारे कारागीर अशा प्रकाराला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जुना टीव्ही थाप मारल्यावर चालू व्हायचा, त्यामागे पुष्कळदा असाच एखादा सांधा असे. वर्षानुवर्षे तापून-निवून त्याला चीर पडलेली असायची आणि थापेने तेवढ्यापुरता संपर्क व्हायचा. नवशिक्याच्या बोर्डावर हा दोष पहिल्याच दिवशी असू शकतो.

सांधा बिघडला तर त्यावर आणखी सोल्डर ओतू नये. थोडी ताजी तार लावून तो पुन्हा तापवावा. तिच्यातील राळेने तो बहुधा सुधारतो. सोल्डर जास्त झाले असेल तर डिसोल्डर पंपाने ओढून घ्यावे.

बॅटरी लावण्यापूर्वी

आपल्या प्रकल्पात एकूण चोवीस सांधे आहेत. बेसचे आठ, तीन रेझिस्टरांचे सहा, कपॅसिटर व एलईडीचे दोन-दोन, दोन जोडवायरींचे चार आणि बॅटरीच्या क्लिपचे दोन. आयसी न बसवता ते सर्व भिंगाखाली एकेक करून पाहावेत. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सोल्डरचा पूल झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी बोर्ड दिव्यासमोर धरावा.

मग मीटर घ्यावा. बझरच्या खुणेवर ठेवून १ व ८ या पिनांमध्ये आवाज येत नाही, याची खात्री करावी. आवाज आला तर बॅटरी मुळीच लावू नये. पट्टी तोडायची राहिली आहे किंवा पूल झाला आहे. ६ व २ मध्ये आणि ४ व ८ मध्ये आवाज आलाच पाहिजे. ८ व ७ मध्ये १० किलोओहम आणि ७ व ६ मध्ये ६८ किलोओहम दिसले पाहिजे. आता लाल टोक ८ वर व काळे १ वर ठेवून, मोठ्या मर्यादेवर रोध मोजावा. आकडा स्थिर न राहता चढत जाईल आणि अखेर मर्यादेबाहेर जाईल. हा दोष नव्हे. मीटरच्या स्वतःच्या विजेने कपॅसिटर भरत असल्याची ती खूण आहे.

बॅटरी लावल्यानंतर

आयसीची खाच योग्य दिशेला ठेवून तो बेसमध्ये बसवावा. एखादा पाय आत दुमडला जाण्याचा प्रकार नेहमीचा आहे. त्याकडे लक्ष असावे. पहिल्यांदा बॅटरी लावताना मीटर २०० मिलिअँपिअरच्या मर्यादेवर ठेवून बॅटरीच्या मार्गात घालावा. दिवा लागलेला असतानाही प्रवाह वीस मिलिअँपिअरच्या आतबाहेर असायला हवा. तो कितीतरी अधिक असेल किंवा आयसी गरम लागला, तर तत्काळ बॅटरी काढावी.

दिवा लुकलुकला तर उत्तमच. घड्याळ लावून दहा आवर्तने मोजावीत. गणिताने दहा सेकंद यायला हवेत. प्रत्यक्षात आठ किंवा बारा आले तरी काही बिघडले नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या किमतीत वीस टक्क्यांचा फरक सर्वसामान्य मानला जातो.

दिवा लागला नाही, तर खऱ्या अभ्यासाला येथे प्रारंभ होतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, काळे टोक पिन १ वर धरावे आणि लाल टोकाने एकेक पिन तपासावी.

* ८ व ४ : दोन्हींवर नऊ व्होल्ट हवेत. ८ वर नसतील तर क्लिप किंवा बॅटरी पाहावी. केवळ ४ वर नसतील तर जोडवायर.
* ५ : येथे सहा व्होल्टच्या आसपास दाब हवा. पोटातील साखळीची ही वरची खूण. ती मिळाली म्हणजे आयसीला वीज पोहोचली आहे.
* २ व ६ : येथील दाब तीन ते सहा व्होल्टमध्ये खाली-वर व्हायला हवा.
* ३ : शून्याच्या जवळ आणि साधारण साडेसात व्होल्ट, असा आलटून-पालटून दाब हवा.

आता या आकड्यांचा अर्थ लावू. पिन ३ वरचा दाब बदलतो आहे, पण दिवा लागत नाही, तर आयसी निर्दोष आहे. एलईडी उलटा बसला आहे किंवा त्याच्या अथवा ४७० ओहमच्या सांध्यात खोट आहे. दिवा सतत लागून राहिला आणि पिन २ वर शून्य व्होल्ट असतील, तर कपॅसिटर भरतच नाही. दोन रेझिस्टरांपैकी एकाचा सांधा सुटला आहे किंवा कपॅसिटरच्या टोकांमध्ये सोल्डरचा पूल आहे. दिवा विझलेला आणि पिन २ वर थेट नऊ व्होल्ट असतील, तर कपॅसिटर भरतो आहे, पण रिकामा होत नाही. ७ क्रमांकाची पिन पाहावी. आणि दिवा सतत, पण मंद जळत असेल, तर कपॅसिटरच जोडला गेलेला नसण्याची शक्यता आहे. त्याच्याविना ही लुकलुक इतकी जलद होते की डोळ्यांना ती जाणवत नाही. बाहेरून ‘दिवा नीट चालत नाही’ एवढेच दिसते. पण चार पिनांवरचे आकडे चार निराळ्या जागा दाखवतात.

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा आणि वाचलेला प्रत्येक आकडा वहीत लिहावा. अधीरतेने तीन सांधे एकदम तापवले आणि दिवा लागला, तर दिवा मिळतो. ज्ञान मिळत नाही. चांगल्या चालणाऱ्या बोर्डावरचे आकडेही टिपून ठेवावेत, म्हणजे पुढे तो बिघडल्यास तुलना करता येते.

थोडी खबरदारी

सोल्डरचा धूर मुख्यतः राळेचा असतो. शिसे या तापमानाला उकळत नाही. तरी राळेचा धूर श्वासनलिकेला त्रासदायक असतो आणि दमेकऱ्यांना विशेष. म्हणून खिडकी उघडी ठेवून, धूर चेहऱ्याकडे येणार नाही अशा बेताने बसावे. शिशाचा खरा धोका हातांवाटे पोटात जाण्याचा आहे. सोल्डरची तार दातांत धरू नये, टेबलावर खाद्यपदार्थ ठेवू नयेत आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. युरोपीय संघाने २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशाच्या वापरावर निर्बंध घातले. बिनशिशाचे सोल्डरही बाजारात मिळते. मात्र ते सुमारे २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि त्याचा चांगला सांधाही काहीसा निस्तेज दिसतो, हे ध्यानात असावे. तारांची टोके कापताना ती बोटाने धरावीत, अन्यथा तुकडा डोळ्याकडे उडतो. आयर्न स्टँडवरच ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पहिले काही प्रकल्प बॅटरीवरच करावेत. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी खेळ नको.

हा लुकलुकणारा दिवा स्वतः फारसा उपयोगाचा नाही, हे खरे. परंतु ६८ किलोओहमच्या जागी प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर लावला, तर अंधार आणि उजेड यांनुसार दिव्याची गती बदलते. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडऐवजी ०.०१ मायक्रोफॅरडचा घेतला, आणि एलईडीच्या जागी पिएझो बझरची चकती लावली, तर सेकंदाला सुमारे हजार आवर्तनांचा सूर ऐकू येतो. प्रत्येक बदलाआधी उत्तर काय येईल, ते कागदावर मांडावे, मग मोजावे. दोन्ही जुळले तर आनंद आहेच. जुळले नाहीत, तर कोणत्या पिनपासून सुरुवात करायची, हे आता ठाऊक झाले आहे.